आजी पुढं, पायलट मागं : पणजीत ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी सायकलफेरी कशी सुरू करावी

गोव्यात ‘पायलट’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर विमान येत नाही. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलवर मागं बसवून आपल्याला बाजारातून घरी सोडणारा माणूस, तो आपला पायलट. 2012 मध्ये कोपनहेगनमध्ये ओले कासो नावाच्या गृहस्थानं भाड्याची तीनचाकी सायकल घेतली, वृद्धाश्रमासमोर नेऊन उभी केली आणि आतल्या मंडळींना चक्कर मारायला येता का म्हणून विचारलं. त्यातून ‘सायकलिंग विदाउट एज’ ही चळवळ उभी राहिली आणि पुढं अनेक देशांत पसरली. सायकल चालवणाऱ्या स्वयंसेवकाला तिथंही पायलटच म्हणतात. हे कळलं तेव्हा ही गोष्ट आपल्याकडं व्हायलाच हवी असं मला मनापासून वाटलं. आमच्या पायलटच्या मागं माणूस बसतो. या सायकलीत तो पुढं बसतो आणि चालवणारा मागं राहतो. बसणाऱ्याला रस्ता आधी दिसतो, वारा आधी लागतो. सगळा फरक तिथंच आहे.

आम्ही सहा जणांनी एक तीनचाकी आणि एक टँडम, म्हणजे एकामागं एक दोघांनी चालवायची सायकल, एवढ्यावर सुरुवात केली. पुढं लिहिलंय ते चुका करत शिकलेलं आहे.

पहिली चूक पहिल्याच फेरीत झाली. मांडवीपलीकडच्या बेतीहून पणजीला नोकरीला येऊन निवृत्त झालेल्या एका काकांना आम्ही मिरामारला सूर्यास्त दाखवायला नेलं. रस्ता आम्हीच ठरवला होता. काका गप्प बसून होते. परतताना हळूच म्हणाले, “धक्क्यावर नेशील काय रे?” बेतीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर आम्ही वीस मिनिटं उभे राहिलो. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला. त्यानंतर बोटीत शिरायला किती रेटारेटी व्हायची, पावसात छत्री उघडायलाही जागा कशी नसायची, हे त्यांनी इतक्या बारकाईनं सांगितलं की चालवणारा मुलगा फोन बघायचा विसरला. सूर्यास्त त्यांना घराच्या गच्चीवरूनही दिसत होता. तेव्हापासून ‘कुठं जायचं?’ हा प्रश्न आम्ही सायकल बाहेर काढण्याआधी विचारतो.

आधी माणसं, मग सायकल

बहुतेक गट देणगी गोळा करून सायकल विकत घेतात आणि नंतर प्रवासी शोधायला निघतात. उलट करा. महिनाभर आधी वस्तीत फिरून दहा घरं गाठा. ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, वाचनालय, देवस्थानची समिती, चर्चमधली मंडळी, फिजिओथेरपिस्ट ही सगळी ठिकाणं चांगलीच आहेत. पण कुणाच्या घरातलं माणूस बाहेर पडायचं बंद झालंय हे सर्वांत आधी पोदेराला कळतं. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत दारोदार पाव देणाऱ्या माणसाला कोणतं दार कोण उघडतं, कोण उघडेनासं झालंय, हे ठाऊक असतं. आमचे पहिले तीन प्रवासी त्यानंच सुचवले.

पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नका. चहा घ्या, बसा. घरात कोकणी बोलत असतील तर कोकणीत बोला. हाक कशी मारायची तेही विचारून घ्या. सरसकट ‘आजी’ म्हणायला सुरुवात केली आणि सहासष्ट वर्षांच्या एका बाईंनी आम्हाला शांतपणे सांगितलं, “मी शाळेत शिकवत होते. मला बाई म्हणा.” कुणी काका, कुणी मास्तर, कुणी आंटी. जो शब्द त्यांना आवडेल तोच.

दुसऱ्या भेटीत एका पानावर मावतील एवढेच प्रश्न लिहून घ्या: आजार कोणते, औषध किती वाजता, कोणत्या बाजूला ताकद कमी, ऐकू कोणत्या कानानं येतं, चक्कर येते का, अलीकडं शस्त्रक्रिया किंवा हाड मोडणं झालंय का, घरच्या कुणाला फोन करायचा. खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, हृदयाचा त्रास आटोक्यात नसेल किंवा हाडं फार ठिसूळ असतील, तर डॉक्टरांनी लेखी ना-हरकत दिल्याशिवाय नेऊ नका. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी नाही.

एक प्रश्न मात्र लिहून न घेता, एकांतात विचारायचा: बाथरूमचं काय? बाहेर न पडण्यामागं गुडघे असतात असं आपण समजतो. पुष्कळदा कारण हे असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. वाटेत कुठं थांबता येईल हे आधी सांगितलं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे. ते शौचालय स्वतः आत जाऊन बघा. दार 90 सेंटिमीटर रुंद आहे का, पायरी किती उंच, धरायला दांडी आहे का, आणि मुख्य म्हणजे सकाळी सात वाजता कुलूप उघडलेलं असतं का.

कोणती सायकल

बसून फिरायचं असेल त्यांच्यासाठी पुढं दोन जणांचं बाक आणि मागं पायलट असलेली तीनचाकी उत्तम. पायलटला दोन्ही प्रवासी सतत दिसतात. बाक जमिनीपासून फार उंच नसावं, पाय ठेवायची फळी खाली टेकणारी असावी, सीटबेल्ट आणि छत असावं. पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि हातानं लावून ठेवायचा पार्किंग ब्रेक नसेल तर ती सायकल घेऊच नका. माल वाहणाऱ्या जुन्या तीनचाकीला बाक जोडून देतो असं सांगणारे फॅब्रिकेटर भेटतील. सांगाडा बनवतीलही, पण ब्रेक मालाच्या हिशेबाचेच राहतात. माणसासाठी तेवढे पुरत नाहीत.

व्हीलचेअरवरून उठणं ज्यांना शक्यच नाही त्यांच्यासाठी पुढं रॅम्प असलेली, व्हीलचेअरसकट चढता येणारी सायकल असते. हातात ताकद आहे पण पायात नाही, अशा तरुणांना बाकावर बसवून फिरवू नका. त्यांना हातानं पॅडल मारायची हँडसायकल मिळवून द्या. आणि दृष्टिहीन व्यक्तींसाठी टँडम. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा स्वतः दृष्टिहीन आहेत आणि 2016 मध्ये ते टँडमवरून मनालीहून लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीपर्यंत गेले. ‘त्यांना कसं जमेल’ म्हणणाऱ्या घरच्यांना मी हे उदाहरण देतो.

बॅटरीच्या मदतीबद्दल दोन शब्द नीट वाचा. दोन प्रवासी बसवून उन्हात चालवायचं तर मोटर हवीच. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 250 वॉटपेक्षा कमी ताकद, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून 60 किलोपर्यंत वजन, अशा वाहनाला मोटार वाहन धरत नाहीत. त्याला नोंदणी आणि परवाना लागत नाही. विक्रेते पहिल्या दोन अटी सांगतात, तिसरी सांगत नाहीत. दोघांच्या बाकाची तीनचाकी सहज 60 किलोच्या वर जाते. म्हणून पैसे भरण्याआधी सायकलचं माहितीपत्रक घेऊन आरटीओत जा आणि उत्तर लेखी घ्या.

विम्याचंही तसंच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण देते, पण 18 ते 70 या वयातच. म्हणजे आपले बरेचसे पायलट त्यात बसतात आणि बरेचसे प्रवासी बसत नाहीत. प्रवाशांसाठी गटाच्या नावानं सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे आपल्यामुळं दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा, वेगळा विमा घ्या. त्यासाठी गट नोंदलेला असणं सोयीचं. संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. आम्ही सहा होतो, सातव्या म्हणून आमच्या एका प्रवासी बाईच आल्या. आजही रस्ता ठरवताना त्यांचं मत शेवटचं असतं.

रस्ता: पाण्याचा तांब्या

नकाशावर रस्ता ठरवू नका. रिकाम्या बाकावर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवा, त्याला दोरीनं बांधा आणि ठरवलेला रस्ता चालवून बघा. जिथं पाणी सांडेल तिथं म्हाताऱ्या मणक्याला हिसका बसणार. गतिरोधक, गटारावरच्या लोखंडी जाळ्या, पेव्हर खचलेली जागा, सगळं वहीत लिहून घ्या. पावसाळ्यानंतर ही चाचणी पुन्हा करायची, कारण ऑक्टोबरातला रस्ता मे महिन्यातला नसतो.

पणजीत सुरुवातीला कांपाल ते मिरामार हाच पट्टा घ्या. सपाट आहे, मोठ्या झाडांची सावली आहे, एका बाजूला मांडवी आहे. कला अकादमीपासून भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपर्यंत सावकाश गेलं तरी वीसेक मिनिटं. त्या वयाच्या माणसांकडं या रस्त्यावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या 1967 च्या जनमत कौलाच्या वेळी आपण कुठल्या सभेला गेलो होतो आणि घरात त्यावरून कसा अबोला झाला होता, हे दोन बहिणींनी आम्हाला एकाच बाकावर बसून सांगितलं. दोघींची आठवण वेगवेगळी होती.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. संध्याकाळी बांदोडकर मार्गावर वाहनांची इतकी गर्दी असते की तीनचाकी घेऊन जाणं चुकीचंच. फोंतेन्हास आणि मळा या वस्त्यांतल्या गल्ल्यांत रविवारी पहाटेच जा, एरवी दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. आल्तिनोची चढण नको, त्याहून उतरण नको. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव, नाताळ ते नवं वर्ष, मग कार्निव्हल आणि शिगमो, या दिवसांत शहराचा पट्टा सोडून द्या आणि वाहतूक पोलिसांना आपलं वेळापत्रक आधीच देऊन ठेवा.

दिवाडीची हौस सगळ्यांना असते. बेटावर खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या, शेतांमधून जाणारा रस्ता सपाट, शांत, पक्षी भरपूर. पण अडचण फेरीबोटीच्या उताराची आहे. भरतीला उतार सौम्य असतो. ओहोटीला तोच तीव्र होतो आणि खालचा भाग शेवाळानं निसरडा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हा फरक सगळ्यांत जास्त. म्हणून आधी भरतीची वेळ बघा, मग फेरीची वेळ ठरवा. उतारावर सायकलमध्ये कुणीही बसलेलं नको. सायकल रिकामी ढकलत न्या. व्हीलचेअर उतरवताना उलटी धरायची, म्हणजे माणसाची पाठ उताराकडं, आणि मागं भक्कम दोघं. बोटीवर पार्किंग ब्रेक लावून चाकांना लाकडी ठोकळे द्या.

पायलट तयार करणं

उत्साही सायकलपटू चांगला पायलट होईलच असं नाही. त्याला वेगाची सवय असते. आमच्यातली सर्वांत चांगली पायलट एक बँकेतली मुलगी आहे, जिला आधी सायकल नीट येतही नव्हती. ती थांबते, ऐकते, घाई करत नाही.

पहिला धडा बाकावर बसून घ्यायचा. प्रत्येक नव्या पायलटला आम्ही पुढं बसवतो, डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि न सांगता एका गतिरोधकावरून हळू नेतो. त्यानंतर ‘आता गतिरोधक येतोय’ हे सांगायला त्याला कधी शिकवावं लागत नाही. दुसरा धडा मोकळ्या मैदानात, बाकावर वाळूची पोती बांधून. आधी एकच पोतं एका बाजूला, म्हणजे तोल कसा जातो ते हाताला कळतं. तीनचाकी वळणावर कलत नाही. दुचाकीच्या सवयीनं वेगात वळवली तर आतलं चाक उचलतं. वळण चालण्याच्या वेगानंच. एरवीही ताशी 8 ते 10 किलोमीटर पुरे. आठवडाभर पोती, मग दुसरा पायलट, मग प्रवासी, या क्रमात सूट नाही.

स्वयंसेवक 18 वर्षांवरचा असावा, त्याची पोलिस पडताळणी करून घ्यावी आणि कुणाही प्रवाशासोबत एकटा पायलट पाठवू नये. शेजारी साध्या सायकलवर दुसरा माणूस हवाच. त्याच्याकडं पंक्चरचं सामान, पाणी, प्रथमोपचार आणि फोन. प्रवाशाकडून पैसे, भेट काही घ्यायचं नाही. औषध हातानं द्यायचं नाही. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि ज्यांची आठवण दगा देते त्यांच्या बाबतीत घरच्यांनाही विचारायचं.

बसवणं आणि उतरवणं

सर्वांत जास्त अपघात सायकल उभी असतानाच होऊ शकतात, म्हणून इथं वेळ घ्या. पार्किंग ब्रेक लावा, पुढच्या चाकांना ठोकळे द्या, फळी टेकवा. मग विचारा, “मदत कशी करू?” कित्येकांची उठायची स्वतःची रीत ठरलेली असते. आपण मध्ये हात घातला की तीच बिघडते. दंडाला धरून कधी ओढू नका. आपला हात पुढं करा, त्यांना धरू द्या. पक्षाघात झालेल्यांना ताकदीच्या बाजूनं चढवा. वर चढताना चांगला पाय आधी, खाली उतरताना अधू पाय आधी. खुर्चीतून उठल्यावर मिनिटभर नुसतं उभं राहू द्या, रक्तदाब खाली येऊन भोवळ येण्याची ती वेळ असते.

बसल्यावर बेल्ट, पाय फळीवर, साडीचा पदर किंवा ओढणी आत खोचलेली, हात बाकाच्या आत. कॅथेटरची पिशवी असेल तर नळी कुठं दाबली जात नाही ना ते बघा. कमरेखाली संवेदना नसलेल्यांना त्यांचीच गादी द्या आणि दर पंधरा मिनिटांनी थांबून थोडं उचलून बसायला सांगा, नाहीतर जखम होते आणि त्यांना ती कळतही नाही. व्हीलचेअर कुणाच्या ताब्यात ठेवली ते त्यांच्यासमोर ठरवा. ती नजरेआड गेली की जीव टांगणीला लागतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणालाही विचारा.

पहिली फेरी पंचवीस मिनिटांच्या वर नको, त्यांनी ‘आणखी जाऊ या’ म्हटलं तरी. थकवा घरी गेल्यावर कळतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून तासाभरापर्यंत हरकत नाही.

वाटेत

पायलट मागं असतो, त्यामुळं त्याचा आवाज पुढं नीट पोचत नाही. गप्पांसाठी थांबायचं. खुणा आधी ठरवा: हात वर केला की थांब. ऐकू न येणाऱ्यांसाठी बाकाच्या कडेला छोटा आरसा लावलाय, त्यात पायलटचा चेहरा दिसतो. विस्मरणाचा आजार असलेल्यांना दर वेळी तोच पायलट, तोच रस्ता, तीच वेळ. ते एखाद्या बंद पडलेल्या दुकानाला चालू समजून बोलत असतील तर दुरुस्ती करत बसू नका. दुकानात काय मिळायचं ते विचारा.

टँडमवर मात्र सतत बोलायचं. पुढचा तो कॅप्टन. मागच्याला रस्ता दिसत नाही, म्हणून शब्द ठरलेले हवेत: “तयार?”, “पॅडल”, “सोडा”, “खड्डा”, “डावीकडं”, “थांबतोय”. मागचा चढत असताना कॅप्टननं दोन्ही पाय जमिनीवर रोवून हँडल घट्ट धरायचं. आणि भोवतीचं वर्णन करा, पण नाक आणि कान ज्यांचे आपल्यापेक्षा तयार आहेत त्यांना समुद्र आला हे सांगू नका. आमच्या एका दृष्टिहीन मित्राला मिरामार जवळ आल्याचं माझ्याआधी कळतं. त्याला हवी असते ती माहिती म्हणजे ओहोटी आहे का, वाळूवर मुलं काय खेळताहेत, होड्या किती.

मधुमेहींना उपाशीपोटी नेऊ नका. अचानक घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं, पण माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड झालं तर सावलीत बसवून वाट बघू नका. लगेच 108, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आम्ही सायकली बंद ठेवतो. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल साखळी खाऊन टाकते. गोड्या पाण्यानं पुसून, पूर्ण सुकवून, तेल लावून ठेवा. बॅटरी काढून घरात, निम्मी चार्ज करून, आणि महिन्यातून एकदा तपासायची. टायरमध्ये हवा ठेवा. ऑक्टोबरात पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा ब्रेक मेकॅनिककडून तपासून घ्या आणि पुन्हा वाळूची पोती, पुन्हा पाण्याचा तांब्या.

माणसांशी मात्र या चार महिन्यांत संबंध तोडू नका. प्रत्येक पायलटनं आपल्या प्रवाशाला पंधरवड्यातून एकदा फोन करावा, जमलं तर चतुर्थीच्या आधी घरी जाऊन यावं. आमचा पहिला पावसाळा आम्ही हे केलं नाही. ऑक्टोबरात मी आनंदानं एका आजीला फोन लावला, “आजी, सायकल तयार आहे,” म्हणालो, आणि पलीकडं त्यांच्या सुनेनं फोन उचलला होता. आता मोसमाचा पहिला फोन आम्ही घरच्या माणसाला करतो, आणि आधी फक्त “कशा आहेत?” एवढंच विचारतो.